फुटली आणि फोडली

रात्रशाळा, माझगाव, इयत्ता नववी.
दुसरा मजला, तिसरी ट्यूब उडते-मिटते.
फळ्यावर लिहिते: निवेदक कोण?
खाली तीन खाने, प्रथमपुरुष, द्वितीय, तृतीय.
दिवसभर बेकरीत खारी मोजणारी विन्सी परेरा
हात वर न करताच विचारते,
"बाई, सगळे पुरुषच का?"
वर्ग हसतो. मीही हसते, उत्तर टाळायला.

मग म्हणते, उदाहरण आपलंच घ्या.
मंगळवारची, ढालींच्या कपाटाची काच.
अर्धं पान. ज्याला जिथून दिसलं तिथून.

गोदीचा भोंगा होतो. पेनं चालू.

हर्षल तांडेल लिहितो, "आम्ही जिन्यात होतो."
मी समासात विचारते: आम्ही की आपण?
तो खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा खोडतो.
'आपण' म्हटलं तर बाईही जिन्यात येतात,
'आम्ही' म्हटलं की बाई दाराबाहेर.
इंग्रजीच्या सरांकडे दोन्हींना मिळून एकच शब्द,
बिचारे कसं भागवतात कोण जाणे.

सुरय्या मुकादमनं काचेलाच बोलतं केलंय:
"मी सव्वीस वर्षं उभी होते. माझ्यामागे कबड्डीची ढाल.
ढालीकडे सगळे बघायचे, माझ्यातूनच बघायचे.
मी दिसले ते फुटल्यावर."
शुद्धलेखनाचे दोन गुण कापते,
मग एक परत देते.

पाष्टेमामा दारात उभे राहून ऐकतायत.
त्यांनी रजिस्टरात लिहिलंय, "काच फुटली."
बस. हात नाही, कर्ता नाही,
जणू कंटाळून आपली आपणच फुटली.
मी वर्गाला म्हणते, बघा, मामांचा निवेदक सर्वज्ञ आहे,
सगळं ठाऊक असून गप्प.
मामा म्हणतात, "चार महिने राहिलेत बाई माझ्या रिटायरमेंटला."

शेवटच्या बाकावर सुगत.
दिवसा कुरिअर, रात्री भूमिती आणि मी.
मंगळवारी त्याचंच नाव घेतलं होतं मी,
सगळ्यांदेखत, त्याची अवजड बॅग बघून.
त्याची वही:

"सुगत तेव्हा भंडारवाड्याच्या चढावर होता.
सायकलची चेन पडली होती.
त्याचे हात काळे झाले. साबण शोधत तो वर आला
तेव्हा काच आधीच खाली होती.
बाई म्हणाल्या, हात दाखव.
त्यानं दाखवले."

लाल पेन थांबतं.
स्वतःला 'तो' म्हणणं ही चूक की कसब,
शिक्षक-मार्गदर्शिकेत सापडत नाही.
'मी' लिहिलं असतं तर उलटतपासणी घेतली असती मी,
हे मला ठाऊक, त्यालाही.
'तो'ला कोण विचारतं, कुठे होतास.

घंटा. वर्ग पांगतो.
विन्सी टेबलावर खारीचा पुडा ठेवून जाते, चुरा झालेली,
विकायला न चालणारी.
मी उरलेल्या अर्ध्या पानावर लिहून बघते.
माझी बाजू. प्रथमपुरुष, एकवचन.
मस्टर काढून कपाटाचं दार मीच लोटलं होतं,
घाईत, कडी न लावता. वारा आला असेल.
असेल.
"माझ्याकडून काच फुटली."
"माझ्या हातून फुटली."
"मी काच फोडली."
वाक्य कसंही फिरवलं तरी क्रियापद काचेचंच ऐकतं.
काचा असत्या तर फोडल्या, पेला असता तर फोडला.
मी सुरुवातीलाच उभी, आणि शेवटाला
माझ्या बाजूनं एक काना-मात्राही झुकत नाही.

मामा बटणापाशी.
"बंद करू?"
थांबा, म्हणते. सुगतच्या वहीत गुण द्यायचे राहिलेत,
आणि माझ्या पानाला समास सोडायचा राहिलाय,
त्याला लिहायला.